छायाचित्राने भागत नाही

१९८७ मध्ये ‘जर्नल ऑफ अँटिबायोटिक्स’ या नियतकालिकात मुलुंडच्या नावाचे एक रसायन जगापुढे आले : मुलुंडोकँडिन. मुलुंड पश्चिमेला, लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या हेक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रात ते एका बुरशीपासून वेगळे करण्यात आले होते आणि कँडिडासारख्या रोगकारक बुरशींची वाढ ते रोखत होते. हे रसायन बनवणारी बुरशी अॅस्परजिलस सिडोवाय या जातीचा उपप्रकार असावी, असे संशोधकांचे अनुमान होते. त्यांनी या उपप्रकाराला ‘मुलुंडेन्सिस’ असे नाव दिले. नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत ते नाव बसले नाही, म्हणून ते वैध ठरले नाही. बुरशी मात्र टिकली, कारण तिचा जिवंत नमुना जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथील डीएसएमझेड या सूक्ष्मजीव-संग्रहात ५७४५ या क्रमांकाखाली जमा होता. जवळपास तीस वर्षांनी तो नमुना पुन्हा बाहेर काढला गेला. त्याचा संपूर्ण जनुकक्रम वाचण्यात आला, जवळच्या जातींशी ताडून पाहण्यात आला, आणि २०१६ मध्ये निष्कर्ष छापला गेला : हा सिडोवायचा उपप्रकार नाही, ही स्वतंत्र आणि नवी जाती आहे. आज तिचे नाव अॅस्परजिलस मुलुंडेन्सिस आहे.

संग्रह जपण्याच्या कामाविरुद्ध सध्या जो युक्तिवाद वारंवार केला जातो, त्याचे उत्तर या एका बुरशीत आहे. युक्तिवाद असा : संग्रहालयातल्या फारच थोड्या वस्तू लोकांना दिसतात, उरलेल्या कपाटांत पडून असतात. त्यांना जागा लागते, वीज लागते, माणसे लागतात. आता प्रत्येक वस्तूचे उत्तम छायाचित्र काढता येते आणि ते कोणालाही घरबसल्या पाहता येते, तर मूळ वस्तू सांभाळण्याचा खर्च कशासाठी? या विचाराचे सौम्य रूप म्हणजे ‘निवडक ठेवा, बाकीचे स्कॅन करा’. कठोर रूप म्हणजे संग्रहच बंद करणे. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने सुमारे सव्वाआठ लाख नमुन्यांचे आपले हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) बंद करून नमुने अन्यत्र हलवण्याचा निर्णय जाहीर केला, तो खर्चाचे कारण देऊनच. मुंबईत, जिथे कोणत्याही चर्चेत चौरस फुटाचा भाव आधी निघतो, हा युक्तिवाद आणखी चटकन गळी उतरतो. पण तो पायातच चुकलेला आहे. संग्रह म्हणजे पाहण्याच्या गोष्टींचा साठा, असे तो गृहीत धरतो. संग्रह हा पुराव्यांचा साठा असतो, आणि पुरावा कोणत्या प्रश्नासाठी लागणार हे तो ठेवताना माहीत नसते.

मुलुंडोकँडिन शोधणाऱ्यांनी १९८७ मध्ये बुरशीचे सूक्ष्मदर्शकाखालचे चित्र, तिच्या वसाहतीचा रंग, बीजाणूंचे माप एवढेच ठेवले असते आणि मूळ वाण, म्हणजे तो जिवंत नमुना, फेकून दिला असता, तर ती आजही सिडोवायचाच उपप्रकार म्हणून ओळखली गेली असती. चित्रात तेवढेच उरते, जेवढे चित्र काढणाऱ्याला महत्त्वाचे वाटले. जनुकक्रम कोणत्याही चित्रात नव्हता, तो वाणात होता. २०१६च्या अभ्यासात मुलुंडेन्सिसची तुलना तिच्या जवळच्या नात्यातल्या अॅस्परजिलस निड्युलन्सशी केली गेली. दुय्यम रसायने घडवणारे ३३ जनुकसमूह दोघींत समान निघाले, पण प्रत्येकीच्या एकूण संचाचा तो जेमतेम ४५ टक्के भाग होता. म्हणजे निम्म्याहून अधिक संच वेगळा. इतक्या जवळच्या दोन जातींत इतका फरक असू शकतो, हे कळायला वाण जिवंत असावा लागला.

हाच न्याय निर्जीव नमुन्यांनाही लागू आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनमध्ये पक्ष्यांची अंडी जमवणाऱ्या हौशी लोकांना कीटकनाशकांची कल्पनाही नव्हती. १९६७ मध्ये डेरेक रॅटक्लिफ या पक्षिशास्त्रज्ञाने त्या जुन्या संग्रहांतली बहिरी ससाण्याची अंडी मोजली, वजने केली, आणि १९४७च्या सुमारास कवचे एकाएकी पातळ झाल्याचे दाखवून दिले. डीडीटीच्या दुष्परिणामांविरुद्धचा एक अत्यंत भक्कम पुरावा असा उभा राहिला. अंड्यांची कितीही सुंदर रंगीत चित्रे त्या काळी काढून ठेवली असती, तरी त्यांच्यावरून कवचाचे वजन करता आले नसते.

छायाचित्रांच्या बाजूने सर्वांत बळकट उदाहरण बर्लिनचे दिले जाते, आणि ते टाळून चालणार नाही. मार्च १९४३ मध्ये बॉम्बहल्ल्यात बर्लिनचे हर्बेरियम जळाले. लाखो नमुन्यांची राख झाली. त्यात अनेक जातींचे ‘टाइप’ नमुने होते, म्हणजे जे समोर ठेवून त्या जातीला नाव दिले गेले, ते प्रमाण नमुने. सुदैवाने त्याआधी, १९२९ पासून, शिकागोच्या फील्ड म्युझियमच्या जे. एफ. मॅकब्राइड यांनी युरोपातल्या हर्बेरियमांत फिरून हजारो टाइप नमुन्यांची छायाचित्रे घेतली होती. ती वाचली आणि वनस्पतिशास्त्रज्ञ ती आजही वापरतात. तर मग छायाचित्र पुरते, असे सिद्ध झाले का? उलट झाले. छायाचित्रात फुलाच्या आतले पुंकेसर मोजता येत नाहीत, पानाच्या पाठीवरची लव पाहता येत नाही, पराग काढता येत नाहीत. म्हणून बर्लिन जळाल्यानंतर त्या जातींसाठी दुसरे प्रमाण नमुने ठरवण्याचे काम अनेक वर्षे करावे लागले. ते शक्य झाले, कारण एकाच झुडपाच्या दोन-चार फांद्या घेऊन त्यांची जोडनमुन्यांची देवघेव करण्याची हर्बेरियमांची जुनी रीत होती. बर्लिनमध्ये जळालेल्या नमुन्याची जोडी दुसऱ्या देशातल्या एखाद्या कपाटात सापडत असे. छायाचित्राने काय गमावले ते सांगितले, भरून काढले ते जोडनमुन्याने. २०१८ मध्ये रिओ द जानेरोचे राष्ट्रीय संग्रहालय जळाले, तेव्हाही तिथले हर्बेरियम वाचले ते वेगळ्या इमारतीत होते म्हणून. आगीवरचा उपाय हवा असेल तर तो इथे आहे : वस्तू विभागून ठेवा, प्रती दूर ठेवा. वस्तूच न ठेवणे हा आगीवरचा उपाय नव्हे.

मुलुंडच्या त्याच संशोधन केंद्राने औषधशास्त्राला दिलेली आणखी मोठी देणगी म्हणजे फोरस्कोलिन. भारतीय औषधी वनस्पतींची पद्धतशीर तपासणी करताना कोलियस प्रजातीतल्या एका वनस्पतीच्या मुळांतून हे रसायन वेगळे केले गेले. १९७७ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध झाली. पेशीच्या आत संदेश पोहोचवणाऱ्या एका महत्त्वाच्या विकराला ते थेट चालना देते, हे १९८१ मध्ये कळले आणि तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत ते नित्याचे साधन झाले. त्याच वनस्पतीतून लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने ‘कोलिओनॉल’ नावाचे रसायन काढले होते. पुढे दोन्ही एकच असल्याचे स्पष्ट झाले. फोरस्कोलिन हे नाव आले कोलियस फोरस्कोहली या वनस्पतिनावातून, आणि ते नाव १७६३ मध्ये येमेनमध्ये मरण पावलेल्या पीटर फोर्स्कल या निसर्गशास्त्रज्ञावरून. फोर्स्कलने वाळवलेल्या वनस्पती कोपनहेगनला पोहोचल्या आणि अजून तिथे आहेत.

पण या वनस्पतीला फोरस्कोहली म्हणणे चुकीचे होते, असे वनस्पतिशास्त्राचे आजचे मत आहे. तिचे योग्य नाव कोलियस बार्बाटस. अशी नावे बदलली की जुन्या शोधनिबंधांचे काय होते, हा प्रश्न दिसतो तितका पुस्तकी नाही. कोणत्या झाडाच्या मुळांतून औषध निघाले, हे नावावर विसंबून ठरत नाही. ज्या झाडाची मुळे कुटली, त्याच झाडाची एक फांदी वाळवून, क्रमांक देऊन हर्बेरियमात ठेवलेली असेल तर ठरते. अशा फांदीला साक्षी-नमुना म्हणतात. तो असला की नाव दहा वेळा बदलले तरी प्रयोग जागेवर राहतो, नसला की निबंधातले नाव हा केवळ कोणाचा तरी शब्द उरतो. मुंबईत हे काम करणारे जुने ठिकाण म्हणजे सेंट झेवियर्स महाविद्यालयातले ब्लॅटर हर्बेरियम. एथलबर्ट ब्लॅटर या जेझुइट धर्मगुरूने विसाव्या शतकाच्या आरंभी ते उभे केले आणि पुढे फादर सांतापाव यांनी वाढवले. कोकण-घाटावरच्या वनस्पतींची नावे ठरवायला आजही संशोधकांना तिथली कपाटे उघडावी लागतात.

इथे युक्तिवादाचे दुसरे टोक येते : नोंदी ठेवणे हे कारकुनी काम आहे, ते कोणीही करील, वस्तू महत्त्वाची. हा समज छायाचित्रवाद्यांइतकाच घातक आहे आणि वस्तुप्रेमी माणसांतही तो आढळतो. त्याला उत्तर खानदेशातल्या एका घुबडाने दिले आहे.

रानपिंगळा हे लहान घुबड फक्त मध्य भारतात आढळते. एफ. आर. ब्लूइट यांनी मिळवलेल्या नमुन्यावरून ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचे वर्णन केले. पुढच्या काही वर्षांत जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने खानदेशात, शहाद्याच्या परिसरात, आणखी काही नमुने मिळवले. मग पक्षी दिसेनासा झाला. जगातल्या सर्व संग्रहालयांत मिळून जेमतेम सात नमुने होते आणि त्यांतला सर्वांत अलीकडचा मानला गेलेला नमुना होता कर्नल रिचर्ड माइनर्ट्सहागेन यांचा. त्यावरच्या चिठ्ठीत गुजरातमधले मांडवी हे ठिकाण आणि १९१४ हे वर्ष लिहिले होते. माइनर्ट्सहागेन हे पक्षिशास्त्रातले वजनदार नाव असल्याने मांडवीही शोधाच्या नकाशावर बसली. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षिशास्त्रज्ञांनी त्या नमुन्याची बारकाईने तपासणी केली. पक्ष्याचे कातडे सोलून, भरून, शिवून ठेवण्याची प्रत्येकाची पद्धत निराळी असते आणि ती हस्ताक्षरासारखी ओळखता येते. वरवर नव्याने भरलेल्या त्या कातड्यात, क्ष-किरणांखाली, डेव्हिडसनच्या पद्धतीच्या खुणा सापडल्या. नमुना ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला होता. त्यावरची खरी चिठ्ठी काढून माइनर्ट्सहागेन यांनी स्वतःची खोटी चिठ्ठी बांधली होती. १९१४ची ‘नोंद’ अशी बाद झाली, आणि शोधाला दिशा द्यायला जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणे उरली. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांना नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा जिवंत दिसला. शंभराहून अधिक वर्षांनी, डेव्हिडसनच्या चिठ्ठीवरच्या तालुक्यातच. नंतर तो मेळघाटात सापडला आणि २०१४ मध्ये तानसा अभयारण्यातही.

या प्रकरणात छायाचित्र कुठेच कामाला आले नसते. खोटे पकडायला कातडे हातात लागले आणि खरे ठिकाण सापडायला कागदाचा एक चतकोर तुकडा लागला. संग्रहशास्त्र या दोन गोष्टी वेगळ्या होऊ देत नाही. चिठ्ठी गेली की घुबड हे नुसते मेलेले घुबड असते, आणि घुबड गेले की चिठ्ठीवरचा मजकूर तपासायचा कशाशी, हे उरत नाही.

म्हणूनच नोंदणीचे नियम कडक असतात आणि ते क्षुल्लक वाटणाऱ्या तपशिलांत असतात. वस्तू आत आली की तिला दाखल क्रमांक मिळतो. तो बांधीव, पाने क्रमांकित केलेल्या दाखल नोंदवहीत टिकाऊ शाईने लिहिला जातो. चूक झाली तर खोडायचे नाही, व्हाइटनर लावायचा नाही : एक रेघ मारून, जुने वाचता येईल असे ठेवून, बाजूला दुरुस्ती आणि सही. वस्तू कोणाकडून आली, कशी आली, तेव्हा तिची अवस्था कशी होती, ती कुठे ठेवली, हे त्याच ओळीत. तोच क्रमांक वस्तूवरही, तिला इजा न होता आणि सहज पुसला न जाता. हर्बेरियमचा कागद भारतात साधारण ४२ बाय २८ सेंटीमीटरचा असतो आणि चिठ्ठी उजव्या खालच्या कोपऱ्यात येते : ठिकाण, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, संकलकाचे नाव व त्याचा क्रमांक, आणि वाळल्यावर जे हरवते ते सारे, म्हणजे फुलाचा रंग, वास, झाडाची उंची, आसपासची माती. पुढे कोणी तज्ज्ञाने नाव बदलले तर तो आपली वेगळी पट्टी, नाव-तारखेसह, बाजूला चिकटवतो. जुनी पट्टी कधीही काढायची नाही. कागदावर अशा तीन-चार पट्ट्या साचल्या की त्या वनस्पतीबद्दलचे शंभर वर्षांतले मतभेद एका नजरेत वाचता येतात.

तारखेचे मोल समजायला मुलुंडच्या पाठीमागचे येऊरचे डोंगर पुरेसे आहेत. तिथली कारवी सात वर्षे फुलाविना वाढते आणि आठव्या वर्षी सारा उतार जांभळा करते. २००८ मध्ये तसे झाले, २०१६ मध्ये झाले. कारवीच्या फुललेल्या फांदीवर नुसते ‘कारवी, ठाणे जिल्हा’ एवढेच लिहिलेले असेल तर ती फांदी मुकी आहे. त्यावर गाव, उतार आणि दिवस असेल, तर अशा दहा-पंधरा फांद्यांवरून शतकभराचे फुलण्याचे चक्र मांडता येते आणि ते चक्र बिघडले तर केव्हापासून, हेही सांगता येते.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या पक्षिसंग्रहाची सूची हुमायूं अब्दुलअली यांनी केली. हा माणूस पगारी अभिरक्षक नव्हता. १९६८ पासून सोसायटीच्या जर्नलमध्ये ती सूची हप्त्याहप्त्याने छापली गेली आणि ते काम अनेक दशके चालले. एकेक कातडे हातात घेऊन, मापे घेऊन, ठिकाणाची नोंद तपासून. याला कारकुनी म्हणणाऱ्यांनी ती सूची एकदा वाचावी. तिच्यात कोणत्या चिठ्ठीवर शंका घ्यावी हेही येते, आणि तो निवाडा पक्षी ओळखणाऱ्यालाच करता येतो.

नोंदणी नसली की काय होते, हे ब्रिटिश म्युझियमच्या प्रकरणाने २०२३ मध्ये साऱ्या जगाला दिसले. सुमारे दोन हजार वस्तू हरवल्याचे, चोरीला गेल्याचे किंवा खराब केल्याचे त्या संग्रहालयाला कबूल करावे लागले, संचालकांना पद सोडावे लागले. त्यांत प्राचीन कोरीव खडे आणि दागिने मोठ्या संख्येने होते आणि पुष्कळशा वस्तूंची पुरती नोंदच झालेली नव्हती. ज्याची नोंद नाही ते हरवले, हे सिद्ध करणेही अवघड. भारतात स्थिती अधिक नाजूक आहे. २०१३ मध्ये महालेखापरीक्षकांनी संरक्षित स्मारके आणि पुरावस्तूंच्या जतनावर जो अहवाल दिला, त्यात ९२ स्मारके जागेवर सापडत नसल्याचे म्हटले होते आणि संग्रहालयांतील वस्तूंच्या प्रत्यक्ष पडताळणीतल्या उणिवांवरही बोट ठेवले होते. त्यानंतर पुण्याच्या सी-डॅकने तयार केलेली ‘जतन’ ही संगणकप्रणाली राष्ट्रीय संग्रहालयांत आली, हे स्वागतार्ह आहे. संगणकीय सूचीला विरोध करणे मूर्खपणाचे ठरेल : ती शोध सोपा करते, वहीची दुसरी प्रत बनते, चोरीचा माल ओळखायला मदत करते. पण वहीत जे नाही ते संगणकात येत नाही. मागे खरी दाखल नोंदवही नसताना भराभर छायाचित्रे चढवली, तर ‘मूर्ती, दगड, प्राचीन’ एवढ्या वर्णनाची हजारो चित्रे जमतात आणि काम झाल्याचा आभास तयार होतो. हा आभास उघड दुर्लक्षापेक्षा वाईट, कारण त्यानंतर निधी मागायलाही कारण उरत नाही.

जतनाचा खर्च परवडत नाही, या तक्रारीत अर्धे सत्य आहे. महागड्या उपकरणांचा खर्च खरोखरच लहान संस्थांना पेलत नाही. पण मुंबईत संग्रहांचा नाश होतो तो बहुधा उपकरणांअभावी नव्हे. हवेतली आर्द्रता सुमारे ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कागदावर, कातड्यावर, कापडावर बुरशी धरते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईची हवा त्याच्या कितीतरी वर असते. त्यावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे एसी, आणि तो अर्धवट वापरला तर अपाय करतो. दिवसा कचेरीच्या वेळेत चालू, संध्याकाळी बंद, शनिवार-रविवार बंद : वस्तू रोज थंड होऊन रोज दमट हवेत सापडते, तिच्यावर ओल धरते, लाकूड आणि चामडे आकसते-फुगते. सतत एकसारखी राहणारी किंचित दमट हवाही या रोजच्या चढउतारापेक्षा बरी. घट्ट बसणाऱ्या दारांचे पोलादी कपाट, त्यात वेळोवेळी तापवून सुकवलेली सिलिका जेल, स्वस्तातली रंग बदलणारी आर्द्रतापट्टी, भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीपासून वर उचललेली मांडणी. एवढ्याने बरेच साधते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तळमजल्यावर जमिनीलगत ठेवलेले काय होते, हे ज्यांचे दप्तर त्या दिवशी भिजले त्यांना सांगावे लागत नाही.

किडीची गोष्टही तशीच. कसर, वाळवी, झुरळे, वाळलेली पाने पोखरणारे तंबाखूचे भुंगेरे, पक्ष्यांच्या कातड्यांवर जगणारे किडे. पूर्वी यावर विष हाच इलाज होता : हर्बेरियमचे नमुने पाऱ्याच्या क्लोराइडच्या द्रावणात बुडवत, पक्ष्यांच्या कातड्यांना आतून सोमलाचा साबण लावत. ते विष अजून त्या नमुन्यांत आहे, म्हणून जुने नमुने हातमोज्यांशिवाय हाताळायचे नसतात आणि कोणत्या नमुन्यावर कोणते विष आहे, ही नोंदही संग्रहाचा भाग मानली जाते. कपाटात डांबरगोळ्या ओतून दार लावण्याची सवय आता सोडायला हवी. तो वास माणसाला अपायकारक आहे आणि किडीचा पुरता बंदोबस्तही त्याने होत नाही. हल्ली नमुने प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून आठवडाभर किंवा अधिक काळ उणे २० अंश किंवा त्याहून खाली गोठवतात. अंडी, अळ्या, किडे सारे मरतात आणि नमुन्याला रसायन लागत नाही. नवा नमुना या पायरीतून गेल्याशिवाय संग्रहाच्या खोलीत येत नाही. एक किडका पुडा आत आला की वर्षभरात कपाट रिकामे होऊ शकते.

सर्वांत जास्त नुकसान मात्र सद्हेतूने होते. जुनी सनद, वंशावळ, हस्तलिखित पान टिकावे म्हणून लॅमिनेट करून आणणारे लोक आहेत, आणि तसे करून देणारे दुकान प्रत्येक स्टेशनबाहेर आहे. उष्णतेने वितळलेले प्लास्टिक कागदाच्या तंतूंत शिरते आणि पुन्हा निघत नाही. कागदाचे आम्ल आतच कोंडले जाते. फाटलेल्या पानावर चिकटवलेली पारदर्शक टेप काही वर्षांत पिवळी पडते, तिचा चिकट भाग कागदात मुरतो आणि अक्षरे खातो. दगडी मूर्तीवर तैलरंग, ताम्रपटाला चिंच-लिंबू लावून काढलेली चकाकी, हे त्याच जातीचे अत्याचार आहेत. जतनाचा पहिला नियम असा की जे केले ते पुढे उलटवता यावे. ज्याला हा नियम पाळता येत नाही, त्याने वस्तूला हातच लावू नये. आम्लरहित कागदात गुंडाळून अंधाऱ्या, कोरड्या खोक्यात ठेवणे याला फारसा खर्च येत नाही आणि कौशल्यही लागत नाही. प्रकाशाचेही तसेच आहे : कापड, जलरंगातली चित्रे आणि हस्तलिखिते यांना ५० लक्सपेक्षा अधिक प्रकाश देऊ नये, असे मानले जाते, कारण उडालेला रंग परत येत नाही आणि ही झीज साचत जाते. कपाटांत ‘पडून असलेल्या’ वस्तूंबद्दलच्या आक्षेपाला उत्तर इथेही मिळते. पैठणी किंवा लघुचित्र अंधारात विसावते, म्हणून तर पुढच्या पिढीला ते रंगासकट दिसते.

खर्चाचा प्रश्न खरा कोठे आहे, तर तो माणसांचा आहे आणि मालकीचा आहे. मुलुंडचे हेक्स्ट संशोधन केंद्र १९९८ मध्ये निकोलस पिरामलकडे गेले. कंपन्या विकल्या जातात, इमारती पाडल्या जातात, लालबहादूर शास्त्री मार्गावर एकेकाळी असलेल्या कारखान्यांच्या जागी मॉल आणि मनोरे उभे आहेत. त्यात कोणाचा दोष शोधण्यात अर्थ नाही. पण संग्रहाचे आयुष्य इमारतीच्या किंवा कंपनीच्या आयुष्याला बांधलेले असले, तर तो संग्रह टिकणार नाही, हे उघड आहे. अॅस्परजिलस मुलुंडेन्सिस वाचली, ती मुलुंडच्या शीतकपाटात होती म्हणून नव्हे. तिचा वाण एका सार्वजनिक संग्रहात क्रमांकासह जमा होता. असे संग्रह बुरशींचे वाण गोठवून सुकवतात किंवा द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांजवळ ठेवतात, आणि मागेल त्या संशोधकाला नियमांनुसार देतात. हीच सोय देशात, तीही मुलुंडहून तीन-चार तासांवर, उपलब्ध आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह १९५१ पासून आहे. आघारकर संशोधन संस्थेत बुरशींच्या वाणांचा राष्ट्रीय संग्रह आणि अजरेकर बुरशी-हर्बेरियम आहे.

महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र-वनस्पतिशास्त्र विभागांतल्या फॉर्मॅलिनच्या बाटल्या, निवृत्त प्राध्यापकांचे वाळवलेल्या वनस्पतींचे गठ्ठे, बंद पडलेल्या प्रयोगशाळांचे वाण, हौशी संकलकांची नाणी आणि कागदपत्रे यांचेही तसेच करता येते. नमुने मोठ्या संग्रहाकडे सोपवताना सोबत दाखल नोंदवहीची प्रत आणि संकलकाच्या क्षेत्रवह्या जातात, कारण त्यांच्याविना घेणाऱ्यालाही त्या गठ्ठ्याचे काही करता येत नाही. मालकी हस्तांतराचा लेखी कागद होतो. नव्या ठिकाणी नवा क्रमांक पडतो, पण नमुन्यावरचा जुना क्रमांक आणि जुनी चिठ्ठी तशीच राहते. आणि देणाऱ्याच्या वहीत त्या ओळीपुढे, वस्तू कोणत्या दिवशी, कोणाच्या ठरावाने, कोणत्या संग्रहात आणि कोणत्या नव्या क्रमांकाखाली गेली, हे लिहून सही होते. ती ओळ वहीतून काढली जात नाही आणि तिचा क्रमांक दुसऱ्या कोणत्याही वस्तूला पुन्हा दिला जात नाही.